नावाची नोंद : पहिली मतदारयादी आणि तीतून गळलेल्या २८ लाख स्त्रिया



ज्या मोठ्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी इतिहास शिकले. हजेरी घेताना त्या कोणत्याही मुलीचे नाव अर्धवट उच्चारीत नसत. नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही शब्द स्वच्छ येत, आणि उत्तर येईपर्यंत बाई पुढच्या नावाकडे वळत नसत. लग्नानंतर पेढे घेऊन आलेल्या मुलीला त्या कौतुकाने विचारीत, ‘सासरी नाव काय ठेवलं गं?’ मुलगी लाजत नवे नाव सांगे. बाई ते ऐकून घेत, आणि पुढच्याच वाक्यात तिला जुन्या नावाने हाक मारीत. त्या वेळी आम्हाला हा बाईंचा विसराळूपणा वाटे. बाई काहीही विसरत नसत हे पुढे कळले.

आजचा विषय मी त्या हजेरीवरूनच निवडला आहे. स्वतंत्र भारताची पहिली मतदारयादी तयार होत असताना सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे तीतून वगळण्यात आली. त्या स्त्रिया परकीय नव्हत्या, अज्ञान नव्हत्या, घर सोडून गेलेल्याही नव्हत्या. यादीत त्यांच्यापुढे त्यांचे स्वतःचे नाव नव्हते, एवढाच त्यांचा दोष. आणि ही हकीकत आपल्यापासून दूर कोठे घडलेली नाही. ज्या राज्यांत ती प्रामुख्याने घडली, त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेश यांच्या जोडीला आपला मध्य भारतही होता. इंदूर तेव्हा मध्य भारतात होते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९३५ च्या कायद्यान्वये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांमध्ये मताचा अधिकार मिळालेल्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास होती. मालमत्ता, कर, शिक्षण अशा कसोट्यांवर तो अधिकार मिळे. स्त्रियांना या कसोट्या स्वतःच्या बळावर पार करता आल्या तर उत्तमच, पण बहुतेकींच्या नावावर ना जमीन होती ना घर. म्हणून कायद्याने एक पळवाट काढली होती : पुरेशी मालमत्ता असलेल्या पुरुषाची पत्नी किंवा विधवा म्हणून स्त्रीला मत मिळू शके. अमक्याची पत्नी असणे हीच तेव्हा तिची पात्रता होती, हे ध्यानात ठेवावे. पुढे जे घडले त्याचे मूळ पुष्कळसे येथे आहे. संस्थानी मुलखात तर जी काही प्रतिनिधिमंडळे होती, ती मर्यादित मताधिकाराचीच. होळकरांच्या आणि शिंद्यांच्या सर्वसाधारण प्रजेच्या दारी मतदारयादीचा कारकून तोवर कधी आलाच नव्हता.

तो आला १९४८ साली. राज्यघटना अद्याप लिहून व्हायची होती. ती स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. पण तिच्या आधीच, मार्च १९४८ मध्ये, घटना समितीच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना प्रौढ मताधिकारावर आधारित याद्या तयार करण्याविषयी लिहिले. घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांच्या देखरेखीखाली हे काम सुरू झाले. मतदाराचे वय १ जानेवारी १९४९ रोजी २१ वर्षे पूर्ण झालेले असावे, आणि ३१ मार्च १९४८ ला संपणाऱ्या वर्षात त्याने किमान १८० दिवस त्या ठिकाणी वास्तव्य केलेले असावे, अशा त्या वेळच्या अटी होत्या. मत देण्याचा अधिकार देणारे कलम अमलात येण्यापूर्वीच त्या अधिकाराची वही उघडली गेली, ही घटना जगाच्या इतिहासात विरळा म्हणावी लागेल.

वास्तव्याची अट घालताच पहिली अडचण उभी राहिली ती निर्वासितांची. फाळणीने उखडलेल्या माणसाने १८० दिवसांचे वास्तव्य दाखवायचे कोठून? त्याच्याजवळ ना भाडेपावती, ना सातबारा, ना शिधापत्रिका. येथे सचिवालयाने जो निर्णय घेतला तो मला आजही थक्क करतो. ‘मी या गावी कायम राहणार आहे’ एवढे निर्वासिताने स्वतः सांगितले, की तूर्त त्याचे नाव नोंदावे, प्रत्यक्ष वास्तव्य किती काळाचे ते पाहू नये, अशा सूचना गेल्या. ज्याचे सगळे कागद सीमेपलीकडे राहिले, त्याचा तोंडचा शब्द शासनाने पुरावा म्हणून स्वीकारला. सगळीकडे तो तसाच स्वीकारला गेला असे मात्र समजू नये. स्थानिक अधिकाऱ्यांनी अडवणूक केल्याच्या तक्रारी दिल्लीला पोचत होत्या, आणि त्या तक्रारींमधूनच नियम घडत गेले.

मग आपल्याच घरात, आपल्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या स्त्रीचे नाव कोठे अडले?

कारकून दाराशी येई. ओसरीवर पुरुष बसलेला असे. घरात मोठी माणसे किती, हा प्रश्न त्यालाच केला जाई आणि उत्तरही तोच देई. स्वतःचे नाव, भावाचे नाव, मुलाचे नाव. स्त्रियांची पाळी आली की, ‘लिहा, अमक्याची बायको. अमक्याची आई. अमक्याची सून.’ माळव्यातील खेड्यांत तर सासुरवाशिणीला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखण्याची चाल होती : देवासवाली, उज्जैनवाली. दाराआडच्या बाईला नाव विचारावे असे कारकुनालाही वाटत नसे आणि विचारलेच तर सांगावे असे तिलाही वाटत नसे. परपुरुषापुढे स्वतःचे नाव उच्चारणे हा मर्यादाभंग होता.

आपण मराठी माणसांनी यावर हसण्याचे कारण नाही. पतीचे नाव घ्यायचे नाही, आणि घ्यायचेच तर उखाण्यात लपवून घ्यायचे, हा आपला रिवाज. पण आपल्या भाषेने स्त्रीच्या नावाचे काय केले आहे ते पाहा. पत्नीला आपण ‘मंडळी’ म्हणत असू, ‘कुटुंब’ म्हणत असू. ‘आमच्या कुटुंबाला बरे नाही’ याचा अर्थ एक बाई आजारी आहे. एका जिवंत व्यक्तीसाठी समूहवाचक नाम वापरण्याची ही आपली किमया! लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नव्या सुनेचे नाव रेखतात. समारंभ सुंदरच असतो. मात्र त्या तांदळांवर नवे अक्षर उमटते तेव्हा वीस वर्षांचे एक नाव पुसले जाते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग ते नवे नावही व्यवहारात राहतच नाही. ती वहिनी होते, काकू होते, माई होते. माझ्या आजीला घरातली-दारातली सगळी माणसे माई म्हणत. तिचे सासरचे नाव मला माझ्या वयाच्या पंधराव्या वर्षी कळले. माहेरचे कळले ते तिच्या निधनानंतर. नर्मदेवरच्या घाटापासून काशीपर्यंत जिचे नाव दगडावर कोरले गेले त्या अहल्याबाईंच्या राज्यात बायकांची नावे अशी जिभेवरून नाहीशी झालेली होती.

२५ जानेवारी १९५० रोजी निवडणूक आयोग स्थापन झाला आणि मार्चमध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. सेन मूळचे गणिताचे विद्यार्थी, पुढे सनदी अधिकारी, पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. त्यांच्यापुढील कामाचा आवाका आकड्यांवरून कळतो. मतदार १७ कोटी ३२ लाख. याद्या टंकलिखित करून मतदारसंघवार लावण्यासाठी सहा-सहा महिन्यांच्या कराराने नेमलेले कारकून १६,५००. याद्यांच्या छपाईला लागलेला कागद ३,८०,००० रीम. यादी छापायला जाण्यापूर्वी तिची छाननी होऊ लागली, तेव्हा ‘अमक्याची पत्नी’, ‘अमक्याची कन्या’ अशा नोंदी लक्षावधींच्या संख्येने वर आल्या. आयोगाने आज्ञा काढली की, अशी नोंद चालणार नाही. स्त्री मतदाराचे स्वतःचे नाव मिळवून नोंद दुरुस्त करावी, आणि नाव मिळत नसेल तर नोंद काढून टाकावी. बिहारमध्ये यासाठी एक महिन्याची खास मुदतवाढ दिली गेली आणि तिचा चांगला उपयोगही झाला. तरीसुद्धा देशातील सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी २८ लाखांच्या नोंदी अखेर वगळल्या गेल्या. दर अठ्ठावीस-एकोणतीस स्त्रियांमागे एक.

सेन यांचा निर्णय योग्य होता काय? या प्रश्नावर माझे मत दोनदा बदलले आहे, हे प्रामाणिकपणे सांगते.

विद्यार्थिदशेत मला तो निर्णय निव्वळ कारकुनी काटेकोरपणाचा वाटे. स्त्री खरी, घर खरे, वय खरे, मग नावावाचून अडते कोठे? पुढे मतदान केंद्रावर शिक्षिका म्हणून कामाला गेले, तेव्हा अडते कोठे ते दिसले. केंद्रात मतदार आला की मतदान अधिकारी त्याचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो. ही केवळ औपचारिकता नव्हे. उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसलेले असतात. ते गावचेच असतात, माणसांना ओळखतात. ‘हा तो नव्हे’ असे त्यांतील कोणास वाटले तर त्याने दोन रुपये भरून आक्षेप घ्यावा आणि केंद्राध्यक्षाने तेथल्या तेथे चौकशी करावी, असा नियम आहे. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर खऱ्या मतदाराची खातरजमा करून त्याला वेगळी मतपत्रिका देण्याचीही तरतूद आहे. ओळखपत्र नव्हते त्या काळात शेजाऱ्यांच्या कानांवर पडणारे ते नाव हेच ओळखपत्र होते. आता ‘रामलाल की पत्नी’ असे वाचले तर काय होईल? हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यापूर्वी एका रामलालला दोन पत्नी असणे मध्य भारतात अशक्य नव्हते. रामलाल वारला तर? त्याच वाड्यात रामलाल दोन असले तर? आणि घुंगटाआड कोणीही येऊन ‘मीच ती’ म्हणाली, तर तिला नाही म्हणायचे कशाच्या आधारावर? शिवाय घटनेचे ३२६ वे कलम मत देते ते प्रौढ नागरिकाला. ‘अमक्याची पत्नी’ या पात्रतेवर मत देण्याची १९३५ ची रीत घटनेने मोडली होती. ती यादीच्या मागच्या दाराने पुन्हा आत येऊ देणे सेन यांना मान्य नव्हते. तेव्हा तत्त्व म्हणून त्यांचा निर्णय बरोबर होता, या मताला मी आले.

तिसरे मत वय झाल्यावरचे. तत्त्व बरोबर होते, पण दंड चुकीच्या माणसाला बसला. या प्रसंगाविषयी लिहिताना नेहमी असे म्हटले जाते की, या स्त्रियांनी आपली नावे सांगितली नाहीत. निवडणुकीच्या सरकारी अहवालाची भाषाही तशीच आहे. मला या वाक्यातील कर्ताच खटकतो. नाव न सांगणारी ती, परंतु न विचारणारा कोण? ओसरीवर बसून तिच्या वतीने उत्तर देणाऱ्या पुरुषाचे नाव यादीत शाबूत राहिले, ती अपुरी नोंद लिहिणाऱ्या कारकुनाचेही राहिले, गळले ते एकटीचे. स्त्री कर्मचारी पाठवून घरोघर विचारले असते, मुदत सगळीकडे बिहारसारखी वाढवून राबवली असती, तर हा आकडा पुष्कळ उतरला असता असे मला वाटते. मुदतवाढ मिळाली तेथे नावे मिळाली, याचा अर्थ नावे सांगण्याजोगी होती. सेन यांनी मात्र या वगळण्यातून उठलेल्या गदारोळाला इष्टापत्ती मानले. पुढील निवडणुकीपर्यंत हा संकोच नाहीसा होईल, असा त्यांचा हिशेब होता. गणिती माणसाचा हिशेब, आणि लांबच्या मुदतीत तो खोटा ठरला नाही. पण २५ ऑक्टोबर १९५१ पासून फेब्रुवारी १९५२ पर्यंत देशभर जे मतदान झाले, त्यात आयुष्यातली पहिली आणि काहींच्या बाबतीत एकमेव संधी हुकलेल्या स्त्रिया या हिशेबात कोठेच धरलेल्या नाहीत.

नावाचा प्रश्न सुटत आला तो चेहऱ्याचा निघाला. मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्रे द्यावीत ही कल्पना १९९० नंतरची आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः १९६० साली कलकत्ता दक्षिण-पश्चिम लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीच्या निमित्ताने तिचा प्रयोग झाला होता. मतदार सुमारे ३ लाख ४० हजार. कार्डे देता आली ती २ लाख १० हजारांच्या आसपास. पुष्कळ माणसे घरी सापडली नाहीत आणि पुष्कळ स्त्रियांनी छायाचित्र काढून घेण्यास साफ नकार दिला, छायाचित्रकार स्त्री असली तरीही! खर्च आणि दगदग पाहून तो प्रयोग सोडून देण्यात आला. १९७९ मध्ये सिक्कीममध्ये आणि नंतर ईशान्येकडील काही राज्यांत कार्डे आली. २८ ऑगस्ट १९९३ रोजी टी. एन. शेषन यांनी सगळ्या देशासाठी आदेश काढला, आणि कार्डे नसतील तर निवडणुकाच होऊ देणार नाही अशी भूमिका घेऊन केंद्राशी आणि राज्यांशी उभा दावा मांडला. २००० साली हरियाणा विधानसभेच्या निवडणुकीत मतदानासाठी ओळख पटवणे प्रथमच सार्वत्रिक सक्तीचे झाले. त्या पहिल्या कार्डांवरील छायाचित्रे आठवतात ना? आपले आपल्यालाच ओळखू येऊ नये अशी ती असत. परंतु १९६० च्या कलकत्त्यात जे शक्य झाले नव्हते ते तीस-पस्तीस वर्षांनी खेड्याखेड्यांत, शाळेच्या व्हरांड्यात, पदर डोक्यावर घेतलेल्या बायकांच्या रांगांनी शक्य करून दाखवले. याला कायदा थोडा कारण, मुलींच्या शाळा जास्त.

मधल्या काळात मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत चिपळूणच्या साठ्यांची लेक आणि इंदूरच्या महाजनांची सून असलेल्या सुमित्रा महाजन या शहरातून लोकसभेवर गेल्या, त्या सलग आठ वेळा. शहर त्यांना ‘ताई’ म्हणते. एवढ्या वेळा मतपत्रिकेवर छापले गेलेले नावसुद्धा आम्ही शेवटी नात्यातच नेऊन ठेवले, हे जाता जाता नमूद करते. स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण १९६२ मध्ये सुमारे ४७ टक्के होते, पुरुषांचे ६३. २०१९ मध्ये ते पुरुषांच्या प्रमाणापेक्षा केसभर का होईना पुढे गेले, आणि २०२४ मध्येही पुढेच राहिले.

तरी नावाचा प्रश्न मिटला असे मला म्हणता येत नाही. २०२५ च्या जूनमध्ये बिहारमध्ये मतदारयादीचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या कच्च्या यादीत सुमारे ६५ लाख पूर्वीची नावे नव्हती. ती नावे कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस हीच मोहीम मध्य प्रदेश, गोवा, गुजरात, राजस्थान यांसह आणखी १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांसाठी जाहीर झाली. मृतांची आणि दुबार नावे निघालीच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. मला येथे बोलायचे आहे ते एकाच बाबीविषयी. ज्याचे नाव वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या सखोल पुनरीक्षणाच्या यादीत नाही, त्याने त्या यादीतील आपल्या आईवडिलांच्या नोंदीशी आपला संबंध दाखवायचा होता. मुलग्याचे काम सोपे. बाप आणि तो बहुधा एकाच घरात, एकाच आडनावाने. विवाहित स्त्रीला सासऱ्याची नोंद कामाची नाही. तिला माहेरच्या यादीत जायचे. १९४८ साली तिला ‘अमक्याची पत्नी’ म्हणून नोंदले आणि त्या कारणाने वगळले. आता ‘अमक्याची कन्या’ म्हणून सिद्ध होणे तिच्यावर आले. आणि आपल्यात तर लग्नाबरोबर आडनावच नव्हे, पहिले नावही बदललेले. कार्डावर एक, माहेरच्या कागदांवर दुसरे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मी शाळेच्या कचेरीत या व्याख्यानाच्या कामासाठी बसले होते. एक बाई आल्या; वय पन्नाशीच्या आतबाहेर, आपल्याच शाळेच्या, सातवीत असताना शाळा सुटलेली. आईवडील वारलेले, भाऊ नाही. जुनी यादी त्यांनी मुलाकडून पाहून घेतली होती, पण वडिलांना सगळे नाना म्हणत, आणि यादीत नाना कोठे नव्हते. आडनावाची माणसे अनेक होती. त्या वेळी घर कोणत्या मोहल्ल्यात होते तेही त्यांना नक्की आठवत नव्हते, इतक्या वेळा भाड्याची घरे बदललेली. लेखनिकांनी प्रवेशाचे वर्ष विचारले, आणि कपाटातून जनरल रजिस्टर काढले. ते आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. लाल कापडी बांधणीचे, कोपरे झिजलेले.

‘नाव?’ त्यांनी विचारले.

बाईंनी आताचे नाव सांगितले. लेखनिक म्हणाले, ‘ते नाही, इथलं सांगा.’ त्या क्षणभर थांबल्या, आणि मग वर्गात सांगावे तसे सांगितले : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. वडिलांचे खरे नाव त्यांच्या तोंडून आपोआप निघाले होते, आणि त्यांचे त्यांनाच नवल वाटले. नोंद मोठ्या बाईंच्या अक्षरात होती. पुढच्या रकान्यात पालकाचे पूर्ण नाव, त्यापुढे धंदा, आणि राहण्याचे ठिकाण म्हणून वाड्याचे नाव व गल्ली. बाईंनी ते एका वहीच्या पानावर उतरवून घेतले, दोनदा ताडून पाहिले, आणि मुलाला फोन लावून वाड्याचे नाव सांगू लागल्या.